बर्लिनच्या विद्यापीठाची गोष्ट : झाकीर हुसेन, इरावती कर्वे आणि आपल्या मुली

मागच्या पावसाळ्याच्या शेवटी आमचे घोडेगावचे एक शिक्षक स्नेही आम्हाला आहुप्याला घेऊन गेले. निमित्त घरगुतीच होते. त्यांची मुलगी बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला आहे, विषय वनस्पतिशास्त्र. तिच्या शेजारी बसणारी मैत्रीण आहुप्याची, महादेव कोळी समाजाची. 'एकदा घरी या' हा तिचा दोन वर्षांचा आग्रह होता. तो त्या दिवशी पूर्ण झाला.

घोडेगाव सोडले की रस्ता डिंभे धरणाच्या पाण्याच्या कडेकडेने जातो. ज्या आंबेगावाचे नाव तालुक्याला आहे ते जुने गाव याच पाण्याखाली गेले. पुढे भातखाचरे लागतात, मग झाडी दाट होते आणि शेवटी आहुपे येते. हे गाव सह्याद्रीच्या अगदी कड्यावर आहे. गावापलीकडे काही पावले गेले की जमीन संपते आणि खोल खाली मुरबाडचा मुलूख दिसतो. घोड नदीचा उगम याच डोंगरात. गावाने राखलेली देवराई आहे, पावसावरचा भात आहे आणि उन्हाळ्यात हातात चार पैसे आणणारा हिरडा आहे.

मुलीच्या आजीने नाचणीची भाकरी आणि कोरा चहा पुढे केला. गप्पा निघाल्या. पदवी झाल्यावर पुढे काय, असे आम्ही सहज विचारले. दोघी एकमेकींकडे बघून हसल्या. मग आहुप्याच्या मुलीने विचारले, "काका, जर्मनीत विद्यापीठाला फी नसते म्हणतात. खरं आहे का? आणि आमच्यासारख्यांना तिथं घेतात का?"

आमच्या स्नेह्यांच्या मुलीने हळूच जोड दिली, "आणि चाचा, रुमाल बांधून बसू देतात का वर्गात?"

तिचे अब्बा एकदम गप्प झाले. घरात हा विषय आधी निघालेला असावा आणि तिथेच थांबलेला असावा, हे आम्हाला कळले. आजीने मात्र सरळ विचारले, "तिथं शिकून आलेलं कुणी तुम्ही बघितलंय का?"

त्या दिवशी आम्ही तुटक उत्तर दिले. परतताना वाटले की हे प्रश्न फक्त या दोन घरांतले नाहीत. मंचर, जुन्नर, मिरज, मालेगाव, औरंगाबाद, कुठल्याही गावात आपल्या घरांत आज हेच विचारले जाते. म्हणून या वेळी आम्ही जर्मनीतल्या एका विद्यापीठाची गोष्ट सांगणार आहोत. आपल्या मातीतली दोन मोठी माणसे तिथे शिकून आली. त्याच विद्यापीठाने एकदा स्वतःचे तोंड काळेही करून घेतले. दोन्ही बाजू माहीत असल्या, तर मुलीला पाठवायचे की नाही याचा विचार नीट करता येतो.

हरलेल्या राज्याने काढलेले विद्यापीठ

सन १८०६ मध्ये नेपोलियनने प्रशियाच्या सैन्याचा येना येथे धुव्वा उडवला. प्रशियाचा निम्मा मुलूख गेला, हाले येथील नावाजलेले विद्यापीठही हातातून गेले. राजाचा खजिना रिकामा होता. अशा वेळी एखादे राज्य तोफा ओतते किंवा कर वाढवते. प्रशियाने राजधानी बर्लिनमध्ये विद्यापीठ काढायचे ठरवले. जमिनीत जे गमावले ते बुद्धीने भरून काढावे, असा राजा फ्रेडरिक विल्यम तिसरा याचा विचार होता असे सांगतात.

काम सोपवले विल्हेल्म फॉन हुम्बोल्ट या भाषापंडिताकडे. तो शिक्षण खात्यावर जेमतेम दीड वर्ष होता. पण तेवढ्यात त्याने जी घडी घातली ती पुढे जगभर गेली. १८१० च्या हिवाळ्यात एका राजपुत्राच्या रिकाम्या महालात अडीचशेच्या आसपास विद्यार्थी घेऊन विद्यापीठ सुरू झाले.

त्यात नवे काय होते? त्या काळातली बहुतेक विद्यापीठे जुने ज्ञान पुढच्या पिढीला सोपवत. शिक्षक ग्रंथ वाचून दाखवी, विद्यार्थी उतरवून घेई. पाद्री, वकील, वैद्य तयार होत. हुम्बोल्टचे म्हणणे वेगळे होते. ज्ञान पूर्ण झाले आहे असे समजून शिकवू नका. ते अजून सापडायचे आहे असे समजून शिकवा. जो शिकवतो त्याने शोधही घेतला पाहिजे आणि जो शिकतो त्यालाही त्या शोधात सामील केले पाहिजे. शिक्षकाला काय शिकवायचे याची मोकळीक आणि विद्यार्थ्याला काय शिकायचे याची मोकळीक. दहा-पंधरा जणांनी एका मेजाभोवती बसून एखाद्या प्रश्नावर उस्तादाशीही वाद घालायचा, ही बैठकीची पद्धत जर्मन विद्यापीठांत रुजली. तिथूनच आजचा 'सेमिनार' आला. अमेरिकेत १८७६ मध्ये जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठ निघाले, तेही या जर्मन नमुन्यावर.

आपल्याकडे मुंबई विद्यापीठ १८५७ मध्ये स्थापन झाले ते लंडनच्या नमुन्यावर. सुरुवातीची अनेक दशके त्याचे मुख्य काम परीक्षा घेणे आणि पदव्या देणे हेच होते. शिकवायचे ते कॉलेजांनी. पाठ करा, लिहा, पास व्हा ही सवय आपल्याला लागली ती याच वाटेने. अलीगढला सर सय्यद अहमद खान यांनी कॉलेज उभे केले, त्यांच्या डोळ्यांपुढे केंब्रिज होते. बर्लिनची वाट आपल्याकडे उशिरा आली. ती ज्यांनी आणली त्यांच्याकडे आता वळू.

पण एक गोष्ट आधी नोंदवून ठेवू. इतक्या पुढारलेल्या या विद्यापीठाचे दार मुलींना रीतसर उघडले ते १९०८ मध्ये. मुंबई विद्यापीठाच्या पदवी परीक्षेला मुली १८८० च्या दशकातच बसत होत्या. पुण्याच्या डेक्कन कॉलेजातून पदवी घेतलेल्या कॉर्नेलिया सोराबजी हे त्याचे ठळक उदाहरण. कुठल्याही गोष्टीत युरोप आपल्या पुढेच होता, असे मानायचे कारण नाही.

बर्लिनहून जामियाला

हैदराबादेत १८९७ मध्ये जन्मलेले झाकीर हुसेन अलीगढच्या कॉलेजात शिकत होते. १९२० मध्ये असहकाराची हाक आली तेव्हा त्यांनी सरकारी मदतीवर चालणारे ते कॉलेज सोडले. अशाच तरुणांसाठी त्या वर्षी २९ ऑक्टोबरला अलीगढमध्ये जामिया मिल्लिया इस्लामिया सुरू झाली. सुरुवातीला तंबूंत भरणारी ही संस्था. दोन वर्षांनी, १९२२ मध्ये, झाकीरसाहेब बर्लिनला गेले. अर्थशास्त्राचे नामवंत प्राध्यापक वेर्नर झोम्बार्ट यांच्या हाताखाली त्यांनी हिंदुस्थानच्या शेतीव्यवस्थेवर प्रबंध लिहिला आणि १९२६ मध्ये डॉक्टरेट घेतली.

बर्लिनमध्ये ते केवळ प्रबंधात बुडून राहिले नाहीत. तिथल्या काव्यानी छापखान्यातून त्यांनी गालिबच्या दीवानाची एक सुबक छोटी आवृत्ती काढली आणि त्यासाठी स्वतः खिळे जुळवले. हातातले काम कमी दर्जाचे नसते, त्यातूनही माणूस शिकतो, हा विचार त्यांच्यात तिथे पक्का झाला. केर्शनश्टाइनर या जर्मन शिक्षणतज्ज्ञाचे कामातून शिक्षण देणाऱ्या शाळेविषयीचे विचारही त्यांनी तिथेच अभ्यासले.

त्याच काळात आबिद हुसेन बर्लिनला शिक्षणशास्त्र शिकत होते. ऑक्सफर्डहून आलेले मोहम्मद मुजीब छपाईचे काम शिकत होते. तिघांची गाठ पडली. इकडे खिलाफत चळवळ ओसरली होती, पैसा आटला होता आणि जामिया बंद करावी असे बोलले जात होते. हकीम अजमल खान यांनी ती १९२५ मध्ये दिल्लीला हलवून कशीबशी तगवली. बर्लिनमधल्या या तिघांनी ठरवले की आपण परत जायचे आणि ती चालवायची. १९२६ मध्ये झाकीरसाहेब जामियाचे शेखुल जामिया, म्हणजे कुलगुरू झाले. वय २९. पुढे या मंडळींनी शपथ घेतली : वीस वर्षे इथेच काम करायचे आणि महिना १५० रुपयांपेक्षा जास्त पगार घ्यायचा नाही. झाकीरसाहेबांनी तर त्याहूनही कमी घेतले. बर्लिनची डॉक्टरेट घेतलेल्या माणसाला बाहेर किती पगार मिळाला असता, याचा हिशेब वाचकांनीच करावा.

महाराष्ट्राशी त्यांचे नाते जडले ते वर्ध्याला. ऑक्टोबर १९३७ मध्ये गांधीजींच्या पुढाकाराने तिथे शिक्षण परिषद भरली. नव्या शिक्षणाचा आराखडा करायला समिती नेमली गेली, तिचे अध्यक्ष झाकीर हुसेन. त्या वर्षअखेर आलेल्या अहवालात तीन गोष्टी ठळक होत्या : सात वर्षांचे मोफत सक्तीचे शिक्षण, ते मातृभाषेतून आणि एखाद्या हस्तव्यवसायाभोवती गुंफलेले. हीच नई तालीम. सूत कातताना गणित, शेतात काम करताना विज्ञान. बर्लिन आणि वर्धा यांच्यातला हा पूल एका मुसलमान तरुणाने बांधला, हे आपल्या मुलांना सांगितले पाहिजे. १९६७ मध्ये ते भारताचे राष्ट्रपती झाले आणि ३ मे १९६९ रोजी पदावर असतानाच त्यांचा इंतकाल झाला. जामियाच्याच आवारात त्यांची कबर आहे.

जामियाच्या कबरस्तानात आणखी एक कबर आहे, तिची गोष्ट फारशी सांगितली जात नाही. गेर्डा फिलिप्सबोर्न ही बर्लिनची ज्यू बाई. या तिघा तरुणांची तिथली मैत्रीण. १९३३ च्या सुमारास त्या हिंदुस्थानात आल्या आणि जामियाच्या लहान मुलांच्या शाळेत रमल्या. मुले त्यांना 'आपाजान' म्हणत. दुसऱ्या महायुद्धात जर्मन म्हणून इंग्रज सरकारने त्यांना काही काळ स्थानबद्धही केले. १९४३ मध्ये त्या गेल्या आणि दिल्लीच्या मातीत विसावल्या. परक्या शहरात झालेली ओळख माणसाला कुठवर घेऊन येते!

उस्तादाला 'नाही' म्हणणारी मुलगी

झाकीरसाहेब परतल्यानंतर दोन वर्षांनी, १९२८ च्या अखेरीस, पुण्याची एक तरुण विवाहिता बर्लिनला पोचली. ती इरावती कर्वे. जन्म १९०५, ब्रह्मदेशातला. शाळा पुण्याची हुजूरपागा. फर्ग्युसनमधून पदवी घेतल्यावर मुंबईत डॉ. गो. स. घुर्ये यांच्याकडे त्यांनी समाजशास्त्रात एम.ए. केले. आहुप्याच्या घरी हे नाव घेतले असते तर बरे झाले असते. कारण याच घुर्यांनी पुढे महादेव कोळी समाजावर एक ग्रंथ लिहिला.

इरावतीबाईंचे सासरे म्हणजे महर्षी धोंडो केशव कर्वे, ज्यांनी १९१६ मध्ये स्त्रियांसाठी विद्यापीठ काढले. पण सुनेने एवढ्या लांब शिकायला जावे हे त्यांनाही पटले नव्हते. पती दिनकरराव स्वतः जर्मनीत रसायनशास्त्र शिकून आलेले. ते पाठीशी उभे राहिले, डॉ. जीवराज मेहता यांच्याकडून कर्ज घेतले आणि पत्नीला पाठवले. स्त्रीशिक्षणाचे महर्षी असलेल्या घरातही शंका निघाली, मग आपल्या घरात निघाली तर त्यात लाज वाटण्यासारखे काही नाही. शंका निघाल्यावर पुढे काय करायचे, तेवढे मात्र दिनकररावांकडून शिकावे.

बर्लिनमध्ये त्यांचे मार्गदर्शक होते ऑयगेन फिशर, मानववंशशास्त्राच्या एका नव्या संशोधन संस्थेचे प्रमुख. गोऱ्या युरोपियनांची बुद्धी इतरांपेक्षा वरची आहे आणि त्याची खूण कवटीच्या रचनेतच सापडेल, असा त्यांचा समज होता. कवटीची डावी-उजवी बाजू सारखी नसते. हा फरक गोऱ्यांमध्ये जास्त असला पाहिजे, असे ते धरून चालले होते. हे तपासायचे काम इरावतीबाईंकडे आले. संग्रहातल्या शंभराहून अधिक कवट्या त्यांनी एकेक करून मोजल्या. त्यांतल्या कित्येक जर्मनीच्या आफ्रिकेतल्या वसाहतींतून आणलेल्या होत्या, म्हणजे ज्यांना कुणी परवानगी विचारली नव्हती अशा माणसांच्या.

मोजमाप संपले आणि आकडे काही वेगळेच सांगू लागले. कवटीची असमानता सगळ्या माणसांत आढळते, वंशाशी तिचा संबंध नाही. तेविशीतली एक मुलगी, परका देश, परकी भाषा, डोक्यावर कर्ज, आणि पदवी ज्यांच्या सहीवर अवलंबून ते गृहस्थ दुसऱ्या उत्तराची वाट बघत आहेत. इरावतीबाईंनी आकड्यांत जे दिसले तेच लिहिले. १९३० मध्ये त्यांना डॉक्टरेट मिळाली.

आमच्या मते या विद्यापीठाची खरी थोरवी इथे दिसते. त्याच्या नावावर हेगेल आहे, प्लांक आहे, आइन्स्टाइन आहे. पण शिष्याने उस्तादाचे म्हणणे तपासावे, चुकीचे निघाले तर तसे लिहावे आणि तरीही त्याला पदवी मिळावी, ही रीत त्या नावांपेक्षा मोठी.

इरावतीबाई परत आल्या. १९३९ पासून अखेरपर्यंत, म्हणजे १९७० पर्यंत, पुण्याच्या डेक्कन कॉलेजशी त्यांचे नाते राहिले. गावोगाव फिरून त्यांनी महाराष्ट्राची माणसे समजून घेतली. कोयना धरणामुळे उठलेल्या कुटुंबांची पाहणी केली, 'युगान्त' लिहिले. परत आल्यावरही त्यांनी मोजपट्टी खाली ठेवली नाही. जातीजमातींची मोजमापे त्या घेत राहिल्या आणि त्याबद्दल आजचे अभ्यासक त्यांनाही प्रश्न विचारतात. ते योग्यच आहे. त्यांनी आपल्या उस्तादाशी तेच केले होते.

तेच विद्यापीठ, तीन वर्षांनंतर

इथवर वाचून बर्लिनबद्दल आदर वाटला असेल, तर आता पुढचेही वाचा.

जानेवारी १९३३ मध्ये हिटलर सत्तेवर आला. एप्रिलमध्ये कायदा झाला आणि ज्यू व विरोधी मतांच्या सरकारी नोकरांना काढायला सुरुवात झाली. या विद्यापीठातले सुमारे अडीचशे अध्यापक आणि कर्मचारी गेले. आइन्स्टाइन त्याआधीच देश सोडून गेले होते, ते पुन्हा परतले नाहीत. लिझ माइटनर या थोर भौतिकशास्त्रज्ञ बाईंचा शिकवण्याचा परवाना काढून घेतला. १० मे १९३३ च्या रात्री विद्यापीठासमोरच्या चौकात २०,००० च्या आसपास पुस्तके जाळली गेली. जाळणाऱ्यांत विद्यापीठाचे विद्यार्थी होते आणि प्राध्यापकही होते. बाहेरून कुणी टोळी आली नव्हती.

त्या वर्षी विद्यापीठाचे प्रमुखपद कुणाला मिळाले? ऑयगेन फिशर यांना. १९३५ पर्यंत ते त्या खुर्चीवर होते. ज्या समजाला इरावतीबाईंच्या आकड्यांनी उत्तर दिले होते, तोच समज आता सरकारी धोरण झाला. फिशर यांच्या संस्थेने त्याला शास्त्राचा मुलामा दिला. पुढे काय झाले ते जगाला माहीत आहे.

विद्यापीठ मोडले ते दारिद्र्याने नाही. जन्म तर त्याचा दारिद्र्यातच झाला होता. ते मोडले प्रश्न विचारायची मुभा गेल्यावर. उत्तर आधी ठरले आणि शास्त्रज्ञांना पुरावे जमवायला बसवले गेले. कुठल्याही देशात, कुठल्याही समाजात आणि आपल्या स्वतःच्या संस्थांतही हे होऊ शकते. पुस्तके जाळणाऱ्यांकडे बोट दाखवताना आपल्या मोहल्ल्यातल्या शाळेत मुलीने उलट प्रश्न विचारला तर काय होते, हेही बघावे.

त्या चौकात आज जमिनीत एक काच बसवलेली आहे. खाली पाहिले तर पांढरी, रिकामी फडताळे दिसतात, २०,००० पुस्तके मावतील एवढी. मिशा उलमान या इस्रायली कलाकाराचे हे काम १९९५ मधले. फिशर यांच्या जुन्या संस्थेजवळ २०१४ मध्ये खोदकाम करताना माणसांची हाडे निघाली, पुढे त्यांचे हजारो तुकडे सापडले. ती कोणत्या वंशाची हे पुन्हा तपासायचे नाही, त्यांना पुन्हा मोजायचे नाही, असे ठरले. २०२३ मध्ये ती सन्मानाने दफन करण्यात आली.

आजचे बर्लिन आणि आपल्या मुलींचे प्रश्न

युद्धानंतर शहराचे दोन तुकडे झाले. जुने विद्यापीठ पूर्वेकडे, रशियाच्या ताब्यातल्या भागात राहिले. १९४६ मध्ये ते पुन्हा सुरू झाले आणि १९४९ मध्ये त्याला हुम्बोल्टचे नाव मिळाले. तिथल्या दडपशाहीला कंटाळलेल्या विद्यार्थ्यांनी आणि प्राध्यापकांनी १९४८ मध्ये पश्चिम भागात मुक्त विद्यापीठ काढले. आज दोन्ही सरकारी विद्यापीठे एकाच शहरात आहेत. एकट्या हुम्बोल्ट विद्यापीठात तीस हजारांहून अधिक विद्यार्थी शिकतात. वनस्पतिशास्त्राच्या मुलींनी हेही ऐकावे, की बर्लिनची मोठी वनस्पतिबाग मुक्त विद्यापीठाच्या अखत्यारीत आहे.

आता आहुप्याच्या ओसरीवर निघालेले प्रश्न.

फी नसते हे खरे का? बर्लिनच्या सरकारी विद्यापीठांत बहुतेक नेहमीच्या पदवी-पदव्युत्तर अभ्यासक्रमांना शिकवणी फी नाही, परदेशी विद्यार्थ्यांनाही नाही. दर सहामाहीला वर्गणीसारखी काही रक्कम भरावी लागते. सगळ्या जर्मनीत मात्र असे नाही. हायडेलबर्ग ज्या राज्यात येते तिथे युरोपबाहेरच्या विद्यार्थ्यांना २०१७ पासून सहामाहीला १,५०० युरो पडतात.

मग खर्च कशाचा? राहण्या-जेवणाचा. व्हिसासाठी एका वर्षाचा खर्च आधीच बंद खात्यात ठेवून दाखवावा लागतो. सप्टेंबर २०२४ पासून ही रक्कम ११,९०४ युरो आहे, म्हणजे आपले ११ लाखांहून अधिक रुपये. ही रक्कम कुणी खात नाही, दरमहा आपल्यालाच परत मिळते. पण ती आधी उभी करावी लागते. 'फुकट शिक्षण' ऐकून हुरळून जाणाऱ्यांची गाडी इथेच अडते. शिकताना ठरावीक दिवस नोकरी करता येते, मात्र पहिले वर्ष तिच्या भरवशावर काढू नये.

पैसा कुठून? आदिवासी विद्यार्थ्यांसाठी केंद्राची आणि राज्याची अशा दोन परदेश शिष्यवृत्त्या आहेत. आहुपे परिसरासाठी चौकशीचे ठिकाण म्हणजे घोडेगावचे एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्प कार्यालय. अल्पसंख्याक विद्यार्थ्यांसाठीही राज्याच्या अल्पसंख्याक विकास विभागाची परदेश शिष्यवृत्ती आहे आणि मौलाना आझाद अल्पसंख्याक आर्थिक विकास महामंडळाची शैक्षणिक कर्जयोजना आहे. जागा थोड्या असतात, उत्पन्नाची आणि विद्यापीठाच्या जागतिक क्रमवारीची अट असते, तारखा चुकतात. म्हणून पदवीच्या दुसऱ्या वर्षापासूनच कागद जमवायला लागावे. केंद्राची 'पढो परदेश' ही व्याजसवलत योजना २०२२ मध्ये बंद झाली. तिच्या नावाने कुणी पैसे मागितले तर देऊ नका. जर्मन सरकारच्या पैशावर चालणाऱ्या डाड या संस्थेच्या शिष्यवृत्त्या गुणवत्तेवर मिळतात.

भाषा? पदव्युत्तरला काही अभ्यासक्रम इंग्रजीतून आहेत. पण बाजारात, दवाखान्यात, घरमालकाशी जर्मनच बोलावी लागते. पुण्यात मॅक्सम्युलर भवनात ती शिकता येते. याशिवाय भारतीय विद्यार्थ्यांना आपली प्रमाणपत्रे जर्मन दूतावासाच्या एपीएस या केंद्राकडून तपासून घ्यावी लागतात.

आणि रुमाल? जर्मन विद्यापीठात विद्यार्थिनीने रुमाल बांधायला बंदी नाही. वर्गात, वाचनालयात, प्रयोगशाळेत अशा मुली दिसतात. बर्लिनमध्ये वाद झाला तो सरकारी शाळांतल्या शिक्षिकांवरून. २००५ च्या एका कायद्यावर अनेक वर्षे कोर्टकज्जे चालले. रस्त्यावर कुणी वाकडे बघणारच नाही, अशी हमी आम्ही देणार नाही. हलाल जेवणाची अडचण नाही, तुर्की वस्ती मोठी आहे.

आमच्या स्नेह्यांना आम्ही परतीच्या वाटेवर इतकेच सांगितले, की मुलगी परक्या मुलखात बदलेल ही तुमची भीती खोटी नाही. झाकीरसाहेबही बदलून आले, इरावतीबाईही बदलून आल्या. पण दोघेही घरी आले आणि जे शिकले ते घराच्या कामी लावले. इल्म ही अमानत आहे असे आपण म्हणतो. मुलीच्या मनावर ते बिंबले असेल, तर विमानाचे तिकीट तेवढे धोक्याचे राहत नाही. ते काही बोलले नाहीत. डिंभ्याच्या पाण्याशी गाडी थांबवून त्यांनी मुलीला विचारले, "कागद कधीपासून गोळा करायचे म्हणालीस?"

एक वही

निघण्याआधी घडलेली एक गोष्ट शेवटी सांगतो. आहुप्याच्या मुलीने घरातून एक वही आणून दाखवली. शाळेचीच, लाल रेघेची. तिच्या आजीचे म्हणणे होते की पूर्वी हिरडा लवकर यायचा, आता उशीर होतो. घरातले बाकीचे म्हणत, म्हातारीला असेच वाटते. मुलगी तीन वर्षांपासून लिहून ठेवते आहे : मोहर कधी दिसला, पहिला हिरडा कोणत्या झाडाखाली कधी वेचला, अवकाळी पाऊस कधी पडला, व्यापाऱ्याने भाव काय दिला. देवराईजवळची झाडे आणि बांधावरची झाडे तिने वेगवेगळी धरली होती.

"मग आजीचं खरं निघालं का?" आम्ही विचारले.

"तीन वर्षांवरून सांगता येणार नाही, काका," ती म्हणाली. "अजून लिहायला पाहिजे. आणि आजी चुकीची असली तरी तसंच लिहीन."

आजी हसली आणि कपात आणखी चहा ओतला. त्या वहीच्या पहिल्या पानाचा फोटो आमच्या स्नेह्यांच्या मुलीने आपल्या मोबाइलमध्ये काढून घेतला. घोडेगावातही बांधावर हिरड्याची दोन झाडे आहेत म्हणाली, ती आता त्यांची नोंद ठेवणार आहे.